वळवाच्या दिवसांत 'दामिनी' ॲप: शेतकरी घरासाठी कितपत कामाचं?

पूर नाही, भूकंप नाही, म्हणून आपला भाग निर्धास्त असं आपण धरून चालतो. पण मार्च ते जून वळवाची वीज कोणत्याही शिवारात पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे ॲप त्यासाठीच आहे, तेही फुकट आणि मराठीत. तुमच्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडतेय का, ते नकाशावर दिसतं.

घोळ होतो तो सेटिंगमध्ये. लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशीच द्या आणि बॅटरी सेव्हरमधून हे ॲप वगळा. नाहीतर फोन ते मागच्या मागे बंद करतो आणि इशारा येतच नाही. वादळात लाइट गेली की कधीकधी टॉवरही बंद पडतो, रेंज जाते. म्हणून नुसत्या ॲपवर अजिबात विसंबू नका.

लखलखाट दिसला की आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. गडगडाट तिसाच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात चला. झाडाखाली किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबणं धोक्याचंच. टीव्हीचा प्लग आभाळ भरून आलं की लगेच काढा, गडगडाट सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाऊस उघडला म्हणून गुरं सोडायला धावतात, तिथंच घात होतो.

एवढं सांभाळलं तर ॲप घरातल्या प्रत्येक फोनमध्ये हवंच, गुराख्याच्या फोनमध्ये तर आधी.