वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर : एका भाचीचा अभिप्राय

आत्याच्या गालाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार होऊनही गाठ पुन्हा वाढली, तेव्हा एका मोठ्या रुग्णालयातून आम्हाला ‘आता करण्यासारखे काही उरले नाही, घरी घेऊन जा’ एवढेच सांगण्यात आले. घरी नेऊन काय करायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. आयुष्यभर मिश्री लावलेल्या त्या तोंडात उघडी जखम होती, तिला वास येत होता आणि वेदनेमुळे आत्या रात्र रात्र बसून काढत होती. ओळखीच्या एका परिचारिकेने पुण्यातील वारजे येथील या केंद्राचे नाव सुचवले; बरा न होणाऱ्या आजारातही वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळले, त्याबद्दल मी तिची कायम ऋणी राहीन.

हे केंद्र 1997 पासून सुरू आहे. येथे सुमारे 50 खाटा असून कर्करोगाच्या रुग्णांची सर्व सेवा विनामूल्य आहे. रुग्णासोबत घरातील एका माणसाने राहायचे असते, आणि या सेवेचे खरे मर्म मला त्यातच दिसले. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, दर चार तासांनी सुरू केले, त्यासोबत बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून औषध दिले, आणि ‘सवय लागेल का’ या माझ्या भीतीचे शांतपणे निरसन केले. जखमेच्या वासावर सिस्टरांनी मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळीची पूड वापरली. दोन-तीन दिवसांत वास इतका कमी झाला की, आत्याने अनेक आठवड्यांनंतर नातवाला जवळ बसवून घेतले. चौथ्या दिवशी ड्रेसिंग माझ्या हातून करून घेतले गेले. नाकातील नळीतून पातळ आहार देताना रुग्णाला उठून बसते कसे ठेवायचे, आहार किती सावकाश सोडायचा आणि नंतर पाण्याने नळी कशी धुवायची, हेही त्यांनी मला न कंटाळता शिकवले. बाराव्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मी सवयीने पर्स उघडली. पैसे भरण्याचा प्रश्नच नव्हता.

या केंद्रामागे सिप्ला या औषध कंपनीचे डॉ. युसूफ हमीद आहेत, आणि त्यांची कारकीर्द वाचल्यावर मला वारज्यातील व्यवस्था अधिक नीट समजली. त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्लाची स्थापना केली. पुढच्याच वर्षी आजच्या लिथुआनियातील विल्नियस येथे युसूफ यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांच्या मार्गदर्शनाखाली रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते 1960 मध्ये मुंबईला परतले. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर केवळ तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्याचे ठरवले. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवण्याची वाट कायदेशीरपणे खुली झाली. एचआयव्हीवरील तीन औषधांचे हक्क परदेशात वेगवेगळ्या कंपन्यांकडे असताना सिप्लाने ती एकाच गोळीत आणली, आणि ज्या उपचाराला वर्षाला 10 हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे, तो फेब्रुवारी 2001 मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवा संस्थेला वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, देऊ केला. बड्या औषध कंपन्यांनी हमीद यांच्यावर चाचेगिरीचा आरोप केला. मला तो आरोप मुळीच पटत नाही, कारण देशाचा कायदा त्यांच्या बाजूने होता आणि आफ्रिकेत माणसे औषधावाचून मरत होती. पुढे 2012 मध्ये कंपनीने कर्करोगाच्या काही औषधांच्या किमतीही मोठ्या प्रमाणात उतरवल्या. पद्मभूषण त्यांना 2005 मध्ये मिळाले, आणि केंब्रिजच्या रसायनशास्त्र विभागाला आज त्यांचे नाव आहे. तरीही मला सर्वांत मोठे वाटते ते वारज्याचे काम, कारण औषधाने बरा न होणारा रुग्ण कोणत्याही औषध कंपनीच्या हिशेबात सहसा बसत नाही.

माझी तक्रार आहे ती केंद्राच्या बाहेरील परिस्थितीबद्दल. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, पण आमच्या तालुक्याच्या गावी एकाही औषध दुकानात ते मिळाले नाही आणि गोळ्यांसाठी भावाला दर वेळी पुण्यापर्यंत यावे लागले.

आत्या त्यानंतर अडीच महिने जगली आणि तिचे ड्रेसिंग शेवटच्या सकाळपर्यंत मीच केले. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. मूळ उपचार चालू असतानाही येथे जाता येते. जाताना तपासण्यांचे सर्व कागद सोबत ठेवावेत, आणि पुढे घरी जो रुग्णाचे करणार आहे, त्यालाच सोबतीला न्यावे.