पोस्टाने पाठवायचं ॲस्बेस्टॉस चाचणी किट: पोटमाळ्यावर कितपत उपयोगाचं?

ॲस्बेस्टॉस म्हणजे जुन्या बांधकाम साहित्यात वापरलेलं तंतुमय खनिज, ज्याची धूळ श्वासातून आत गेली तर घातक ठरते. जुन्या घराच्या पोटमाळ्यावर तसं काही संशयास्पद दिसलं की बरेच जण आधी नमुना लॅबला पाठवायचं हे किट मागवतात. पेटीत साधारणपणे हातमोजे, झिपच्या दोन-तीन पिशव्या, एक फॉर्म आणि लॅबच्या पत्त्याचं पाकीट असतं. काही पेट्यांत मास्क आणि अंगभर घालायचा डिस्पोजेबल सूटही मिळतो. काहींच्या किमतीत लॅबची फी धरलेली नसते, ती नमुन्यामागे वेगळी द्यावी लागते. पेटीवरचा बारीक मजकूर आधी वाचा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पाइपावरचं वेष्टण, हवा नेणाऱ्या डक्टच्या सांध्यांवरची पांढरी पट्टी, सिमेंटचा पत्रा, धुराड्याचा सिमेंटचा पाइप, पाण्याची जुनी सिमेंट टाकी यांच्यासाठी किट चांगलं आहे. माळ्यावर सुट्या ओतलेल्या इन्सुलेशनसाठी, म्हणजे उष्णता-थंडी अडवायला पसरलेल्या मालासाठी, मात्र घेऊ नका, आणि पोटमाळ्यावर नेमकं तेच जास्त सापडतं.

दोन तुळयांच्या मधल्या जागेत चंदेरी, सोनेरी किंवा राखाडी-तपकिरी चकचकीत खडे पसरलेले असतील, आणि एखादा जवळून पाहिल्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुललेला दिसत असेल, तर ते व्हर्मिक्युलाइट. हे खनिज स्वतः ॲस्बेस्टॉस नाही. पण 1919 ते 1990 या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी 70 टक्क्यांहून जास्त माल मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या एकाच खाणीतून आला. तिथल्या खडकात ट्रेमोलाइट, विंचाइट आणि रिक्टेराइट या जातींच्या ॲस्बेस्टॉसचे सुईसारखे तंतू मिसळलेले होते. डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने 1963 मध्ये ही खाण घेतली. तिथला माल घराघरांत ‘झोनोलाइट’ या नावाने गेला. आज माळ्यावर रिकामी पोती क्वचितच उरलेली असतात, त्यामुळे कुठला माल कुठल्या खाणीचा हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

किट इथे का फसतं? हे तंतू खड्यांमध्ये सारखे मिसळलेले नसतात. खडे हलके, तंतूंचे जुडगे जड. वर्षानुवर्षांत ते खाली, छताच्या फळीपर्यंत उतरतात. फॉर्मवर ‘एक चमचा नमुना’ लिहिलेलं असतं आणि माणूस तो वरच्या थरातून उचलतो. साध्या पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपने हे तुरळक तंतू सहज निसटतात आणि अहवाल येतो, ‘आढळला नाही’. घरचे निश्चिंत होऊन माळ्यावर सामान रचायला लागतात. दुसरी गल्लत 1 टक्क्याची. अमेरिकेच्या नियमांत 1 टक्क्याहून जास्त ॲस्बेस्टॉस असलेला माल ‘ॲस्बेस्टॉसयुक्त’ धरतात, पण ती वर्गवारीची रेघ आहे, आरोग्याची हमी नव्हे. सुटा, भुरभुरीत माल त्याहून कमी टक्के असला तरी ढवळल्यावर हवेत भरपूर तंतू सोडतो. म्हणूनच तिथल्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, सल्ला असा की व्हर्मिक्युलाइट दिसलं तर ते दूषितच धरा आणि हात लावू नका. तरीही कुणाला तपासायचंच असेल तर अनुभवी निरीक्षकाकडून चार-पाच ठिकाणचा, वरपासून तळापर्यंतचा, भरपूर माल काढून घ्यावा. लॅब तो पाण्यात टाकून तरंगणारे खडे आणि तळाशी बसणारा गाळ वेगळा करते आणि गाळ तपासते. पेटीतल्या पिशवीचं ते काम नाही.

घट्ट मालाचा नमुना घेताना पंखे आणि एसी बंद. खाली प्लॅस्टिक अंथरा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब घालून ती जागा भिजवा आणि पाणी आत मुरू द्या. कोरड्यावर पातं चालवलं की धूळ उडालीच. पाइपाचं वेष्टण थरांचं असतं. वरचं कापड स्वच्छ आणि आतला थर ॲस्बेस्टॉसने भरलेला, असं बरेचदा असतं, म्हणून पातं पाइपाला लागेपर्यंत खोल जाऊ द्या. चमचाभर माल पुरतो. सिमेंटच्या पत्र्याला ड्रिल लावू नका, ओला करून कोपऱ्याचा तुकडा पकडीने मोडा. नमुना एका पिशवीत, ती बाहेरून ओल्या कापडाने पुसून दुसऱ्या पिशवीत, त्यावर जागेचं नाव. कापलेल्या जागेवर लगेच टेप. पातं प्रत्येक वेळी ओल्या वाइपने पुसा, नाहीतर पहिल्या नमुन्याचे तंतू दुसऱ्यात जातात आणि निर्दोष वस्तूवर ठपका येतो. वाइपही पिशवीतच जायला हवा. एकाच प्रकारच्या मालाचे निदान तीन ठिकाणचे नमुने घ्यावेत. बहुतेक किट एका नमुन्यावर भागवतात, ही त्यांची मोठी उणीव.

पेटीतला मास्क बाजूला ठेवा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेच्या, ओशाच्या, नियमांनुसार ॲस्बेस्टॉसच्या कामाला तोंडावरचा डिस्पोजेबल मास्क चालत नाही. पी100, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या, फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क घ्या. दाढी असेल तर त्याचीही कड चेहऱ्याला नीट बसत नाही. सूट माळ्याच्या तोंडाशीच ओला करून उलटा गुंडाळत काढायचा, मास्क सगळ्यात शेवटी. घरचा व्हॅक्यूम तर अजिबात नको. त्याच्या पिशवीतून बारीक तंतू पार होतात आणि मागून खोलीभर पसरतात.

लॅब निवडताना मान्यता बघा: अमेरिकेत एनव्हीलॅप, ब्रिटनमध्ये यूकास. अहवालात क्रायसोटाइल, अमोसाइट, क्रोसिडोलाइट अशी ॲस्बेस्टॉसच्या जातींची नावं येतात. तो अहवाल त्या तुकड्यापुरता असतो, घरातल्या हवेबद्दल तो काही सांगत नाही.

राखाडी, कापसासारखा फुगीर माल दिसला तर किटचा विचारही करू नका. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात ‘मिस्टर फ्लफी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंत्राटदाराने 1979 पर्यंत हजाराहून अधिक घरांच्या माळ्यांवर जवळजवळ निव्वळ ॲस्बेस्टॉस फुंकून भरला. सरकारने माळे साफ करूनही भिंतींच्या पोकळीत तंतू उरले आणि 2014 मध्ये घरं विकत घेऊन पाडायचं ठरलं.

सुट्या मालाच्या घरात किटचे पैसे दुसरीकडे लावा. माळ्याच्या झाकणाच्या कडेला रबरी पट्टी, दिव्यांच्या आणि वायरींच्या भोकांभोवती, छताच्या भेगांत खालच्या बाजूने सीलंट. वर सामान ठेवणं बंद. इलेक्ट्रिशियन किंवा इन्सुलेशनवाला शिडी लावण्याआधी त्याला सांगा, आणि घराची गळती मोजायला ब्लोअर डोअर (दारात बसवायचा मोठा पंखा) लावू देऊ नका: तो घरातली हवा बाहेर ओढतो, आणि तिची जागा घ्यायला माळ्यावरची हवा भेगांतून खोल्यांत उतरते.