सूचीच्या चौकटीखालची गोदावरी : एका उठावदर्शक नकाशाचे परीक्षण

आमच्या माध्यमिक शाळेच्या भूगोल कक्षासाठी गेल्या जूनमध्ये महाराष्ट्र आणि गोदावरी या विषयावरचा एक उठावदर्शक भिंतनकाशा मागवला. जाड प्लॅस्टिकच्या पत्र्यावर डोंगर, पठारे आणि खोरी प्रत्यक्ष उंच-सखल उठवलेला, एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणाचा हा नकाशा आणि त्यासोबत राज्याच्या व नदीच्या इतिहास-भूगोलाची ४८ पानांची पुस्तिका, असा संच १,४५० रुपयांना मिळाला. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे ज्या चुका दाखवणार आहे त्या नव्या छपाईत दुरुस्त करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. संपूर्ण शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

नकाशाचा पश्चिमेकडील भाग अप्रतिम आहे, हे आधी सांगायला हवे. सह्याद्रीची कडा बोटाला स्पष्ट लागते. कोकणाच्या बाजूने बोट वर सरकवले की ते कड्याला अडते आणि पठारावर चढल्यावर मात्र पूर्वेकडे हळूहळू उतरत जाते. दख्खनचे पठार पूर्वेकडे कलते आहे हे वाक्य मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो, परंतु ते बोटाने वाचता येईल असे साधन पहिल्यांदाच हाती आले. थळघाटाची खाच जाणवते. नाणेघाट या प्रमाणात जाणवणे शक्य नव्हते, तेथे केवळ खूण आहे. एक त्रुटी मात्र येथेच नोंदवतो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, म्हणजे आडव्याच प्रमाणात उठवले असते तर ते शिखर दीड मिलीमीटरच्या आसपास भरले असते. नकाशावर ते दीड सेंटिमीटरहून थोडे अधिक आहे. उभे प्रमाण आडव्याच्या दहापट घेतल्याखेरीज असा नकाशा करताच येत नाही, त्यामुळे तक्रार त्याबद्दल नाही. ही दहापट सूचीत, म्हणजे नकाशावरील खुणांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, कोठेही छापलेली नाही, आणि त्यामुळे सह्याद्री म्हणजे सरळ उभी भिंत असे मुलांच्या मनात बसते, ही तक्रार आहे. आम्ही शेवटी स्केचपेनने तसे लिहून टाकले.

नकाशाचा खरा उपयोग आम्हांला ड्रॉपरने शिकवला. नकाशा टेबलावर आडवा ठेवून त्र्यंबकजवळ पाण्याचा एक थेंब सोडला, तर तो कोणत्या बाजूला पडला यावर सारे अवलंबून असते. चार-पाच मिलीमीटरच्या फरकाने तो वैतरणेच्या बाजूला गेला, तर झटकन घसरून अरबी समुद्राच्या निळ्या रंगावर जातो. अलीकडे पडला तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उतरतो, नाशिकपर्यंत धावतो आणि मग रेंगाळू लागतो. ज्या ठिकाणी गोदावरी उगम पावते तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर, म्हणजे नकाशावर आठ सेंटिमीटरवर आहे, आणि तरीही ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. याचे कारण त्या थेंबाएवढे नीट मला कधीच सांगता आले नव्हते. उगमाची उंची समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटर आहे. नाशिकला येईपर्यंत नदी सुमारे ५८० मीटरवर उतरलेली असते. त्यानंतर पैठणपर्यंतच्या दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवासात तिचा उतार जेमतेम सव्वाशे मीटरचा आहे. उभे प्रमाण दहापट वाढवूनसुद्धा हा उतार नकाशावर सव्वा मिलीमीटर भरतो. साहजिकच आमचा थेंब पैठणच्या आसपास थांबला आणि पसरला.

‘सर, इथं तर गंगा साचलीच,’ असे एक मुलगा म्हणाला. आमची शाळा गंगथडीची आहे आणि आमच्याकडे गोदावरीला घरात कोणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच असते. त्या मुलाने नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, पाहिलेला होता. तो इतका रुंद आणि इतका उथळ का आहे, आणि उन्हाळ्यात त्यातील पाण्याची एवढी वाफ का होते, हे मग वेगळे सांगावे लागले नाही.

पुस्तिकेचा भूगोलाचा भाग संक्षिप्त आणि विश्वसनीय आहे. त्यात शेजारी शेजारी दिलेले दोन आकडे मी यापूर्वी एकत्र पाहिले नव्हते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आणि गोदावरीच्या खोऱ्याचे ३,१२,८१२ चौरस किलोमीटर, म्हणजे खोरे राज्याहून किंचित मोठेच. त्यांपैकी सुमारे १,५२,००० चौरस किलोमीटरचा भाग दोहोंत सामाईक आहे. राज्याचा जवळपास निम्मा भाग या खोऱ्यात येतो आणि खोऱ्याचाही जवळपास निम्मा भाग या राज्यात. पर्जन्यछायेचे विवेचनही चांगले आहे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तेथून पन्नास किलोमीटरच्या आतील नाशिक शहरात सातशेच्या आसपास, हे सांगून पुस्तिका दारणा नदीकडे वळते आणि खालच्या कोरड्या तालुक्यांना कोणाचे पाणी पोसते ते दाखवते. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा, त्यामागे गाळ साचून तयार झालेली पाणथळ जागा आणि २०२० साली तिला मिळालेला महाराष्ट्रातील पहिल्या रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा, एवढे सारे एका परिच्छेदात नेमके आले आहे.

इतिहासाचा भाग असमान आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, नदीच्या काठी का वसले आणि तेथील माल जुन्नर व नाणेघाटमार्गे कोकणातील बंदरांकडे कसा जात होता, हे नकाशावरील रेषेने दाखवले आहे आणि ते पटते. दायमाबाद आणि जोर्वे ही दोन्ही ताम्रपाषाणयुगीन स्थळे प्रवरेच्या खोऱ्यात आहेत, याचीही नोंद आहे. संतांची मात्र लेखकाने यादी केली आहे. आपेगाव, पैठण, गंगाखेड ही नावे ओळीने येतात आणि तशीच जातात. नेवाशाला, प्रवरेच्या काठी, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली एवढे एक वाक्य सोडले तर हाती काही लागत नाही.

याउलट राक्षसभुवनच्या लढाईचे प्रकरण हे या पुस्तिकेतील सर्वांत उत्तम पान आहे, कारण त्यात नदी हीच लढाईचे कारण होते. निजाम अलीचे मुख्य सैन्य गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेले होते आणि दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह दक्षिण तीरावर होता. नदीला श्रावणातला पूर. माधवराव पेशव्यांनी आणि राघोबादादांनी नेमकी तीच वेळ साधली; विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या तीरावरील निजामाला पाहत राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आमच्या मुलांनी या नदीचे श्रावणातले पाणी पाहिलेले असल्यामुळे त्यांना हे पान दोनदा वाचावे लागले नाही. दुर्दैवाने याच पानावर लढाईचे वर्ष १७६१ छापले आहे. ही लढाई १० ऑगस्ट १७६३ रोजी झाली. १७६१ हे पानिपतचे वर्ष आहे, आणि पानिपतानंतर दोनच वर्षांत मराठ्यांनी हा विजय मिळवला, यातच या प्रकरणाचे अर्धे महत्त्व आहे. लेखकाने स्वतःच्या मुद्द्याचा पाया असा काढून घ्यायला नको होता.

दुसरी चूक गमतीदार आहे. स्थलसूचीत जायकवाडी धरणापुढे बीड जिल्हा असे छापले आहे, जेव्हा नकाशावर धरण पैठणलाच, योग्य जागी, दाखवले आहे. ही चूक कशी झाली असेल याचा अंदाज बांधता येतो. हे धरण प्रथम बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. पुढे जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र मूळ गावाचेच राहिले. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले, या तारखा पुस्तिकेत बरोबर आहेत. वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडावे या वादाला तिने अर्धे पान दिले असून १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही, या कसोटीपर्यंत ती येते. त्याच्या आधीची एक पायरी मात्र तिने गाळली. कोपरगावपासून शेवगावपर्यंत गोदावरी ही एके काळी ब्रिटिशांचा नगर जिल्हा आणि निजामाचे राज्य यांच्यामधील सीमा होती, आणि आजही तीच दोन जिल्ह्यांची हद्द आहे. एका तीरावर ब्रिटिशांनी कालवे काढले, त्यावर ऊस आला, आणि प्रवरेच्या लाभक्षेत्रात लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. दुसऱ्या तीराला मोठ्या धरणासाठी १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपल्यानंतरही बरीच वर्षे थांबावे लागले. आजच्या भांडणाचे मूळ या विषम सुरुवातीत आहे, असे माझे मत आहे.

आता नकाशाच्या सर्वांत मोठ्या दोषाकडे येतो. नकाशा राज्याच्या सीमेवर कापलेला आहे. मांजरेला घेऊन गोदावरी धर्माबादजवळ तेलंगणात शिरते आणि तेथून पुढे पत्रा सपाट, करडा होतो. पूर्वेकडे सिरोंच्याला ती पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेवर येते, तेथे तिला प्राणहिता मिळते आणि पुढे इंद्रावती. मधल्या सुमारे २२ सेंटिमीटरच्या रिकाम्या जागेत छपाई करणाऱ्याने सूचीची चौकट बसवली आहे. महाराष्ट्राच्या आकारात आग्नेयेचा तो कोपरा मोकळा असतो आणि प्रत्येक नकाशाकार तेथेच सूची टाकतो, हे मान्य. पण ज्या नकाशाच्या नावातच गोदावरी आहे त्यात रेल्वेमार्ग, जिल्हा मुख्यालय आणि किल्ला यांच्या खुणा नेमक्या तिच्या पात्रावर याव्यात, हे अक्षम्य आहे.

यातून एक चुकीचा समजही रुजतो. मुलांना वाटते की गोदावरी म्हणजे नाशिक ते नांदेड, आणि वर्धा-वैनगंगा ही विदर्भाची वेगळी गोष्ट. प्रत्यक्षात प्राणहितेचे खोरे हे एकूण गोदावरी खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहे, आणि नांदेडपर्यंत उन्हाळ्यात डबक्यांची माळ होऊन राहणारी नदी सिरोंच्यापुढे महानदी भासते ती याच पाण्यामुळे. पुस्तिकेने प्राणहितेला दोन ओळी दिल्या आहेत. राज्याची सीमा १९५६ आणि १९६० साली भाषेच्या आधारावर आखली गेली, नदीच्या आधारावर नव्हे, आणि नांदेड जिल्ह्यातील बाभळीच्या बंधाऱ्याचा आंध्र प्रदेशाशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच. त्या बंधाऱ्याचे दरवाजे दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. बंधारा नकाशावर आहे. त्याच्या खाली कोण पाण्याची वाट पाहत आहे, ते सूचीखाली गेले.

वस्तूच्या दर्जाबद्दल थोडक्यात. पत्रा टिकाऊ आहे, वर्षभर ओल्या हातांनी हाताळूनही रंग गेलेला नाही. पहिल्यांदा आलेल्या नकाशाचा सातपुड्याकडील कोपरा वाहतुकीत दबलेला होता. छायाचित्र पाठवल्यावर बारा दिवसांत दुसरा आला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि दबलेला परतही मागितला नाही. देवनागरी अक्षरे सुवाच्य आहेत, तरी नद्यांची नावे आणखी एका आकाराने मोठी चालली असती. शाळेसाठी हा संच जरूर घ्यावा. ज्यांना केवळ इतिहास वाचायचा आहे त्यांनी पुस्तिकेसाठी एवढा खर्च करू नये.

तो दबलेला नकाशा आम्ही टाकला नाही. नववीच्या मुलांनी त्यातील सूची कापून तेथे पांढरा कार्डशीट चिकटवला, धर्माबादेपासून सिरोंच्यापर्यंत निळा दोरा ओढून गोंदाने बसवला आणि मध्ये श्रीरामसागर धरणासाठी एक निळी टिकली लावली. कापलेली सूची आता नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात, अरबी समुद्रात आहे.