मेसा आणि कर्नल: घाई कुठे चालते?

लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग: प्रोग्रॅमच्या बाजूने चालणारी मेसा ही लायब्ररी, आणि सिस्टीमच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला भाग. बदल किती घाईने स्वीकारायचे, याचा दोन्हींना एकच नियम लावणं मला पटत नाही.

मेसामधला शेडर कंपायलर (रंग-सावल्या ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं ग्राफिक्स चिपच्या भाषेत रूपांतर करणारा भाग) चुकला, तर गेममधली एखादी सावली काळी पडते. बदल मागे घेतला की भागतं. तिथे काम मार्ज-बॉट या स्वयंचलित प्रोग्रॅमकडे सोपवायचं, चाचण्या पार झाल्या की तो बदल मर्ज करतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतो. छोट्या दुरुस्तीला एका जाणकाराची नजर पुरे.

कर्नलचं तसं नाही. युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) दिलेला आयओक्टल, म्हणजे कर्नलला काम सांगायची ठरलेली हाक, वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. त्यातून जाणाऱ्या माहितीच्या स्ट्रक्चरमध्ये पॅडिंगचे (मांडणी जुळवायला सोडलेल्या रिकाम्या जागेचे) ४ बाइट विसरले, तर ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट कर्नलवर अडखळू शकतो. म्हणूनच डीआरएमवाले (कर्नलचा ग्राफिक्स विभाग सांभाळणारे) नव्या इंटरफेससोबत तो वापरणारा, तपासलेला मुक्त-स्रोत युजरस्पेस कोडही मागतात. तिथे महिना गेला तरी जाऊ द्यावा.