बेळगावच्या बाजारातला बंदोबस्त: पायी गिऱ्हाइकाचे अडीच स्टार

हॉटेलला स्टार देतात, मिक्सरला देतात, मग बाजारातल्या पोलीस बंदोबस्ताला का देऊ नयेत? पैसे आपल्याच करातून जातात. माझं बेळगावातल्याच शहापुरात फॉल-पिकोचं दुकान आहे. आजूबाजूला साड्यांची दुकानं ढिगानं, त्यामुळं कामाला तोटा नाही. दुचाकी मला येत नाही आणि आता शिकायचीही नाही. अस्तर, दोऱ्याची रिळं, हूक, कॅनव्हास, मॅचिंगचे फॉल हे सगळं मी कपिलेश्वर पूल ओलांडून गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार असं पायी फिरून आणते. म्हणजे या सेवेची मी जुनी गिऱ्हाईक. पाचापैकी अडीच देते, आणि तो अर्धा कशासाठी ते पुढं येईल.

आधी जे बरं आहे ते. सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर तक्रारीला जागा नाही. दुकानांची शटरं अर्धी वर, हातगाड्या लागायच्यात, चौकात एखादाच पांढऱ्या शर्टातला ट्रॅफिकवाला. त्याला म्हाताऱ्या माणसांसाठी हात आडवा करून मोटरसायकली थांबवायला वेळ असतो, आणि तो थांबवतो. एकदा तर एकानं माझ्या हातातलं अस्तराचं गाठोडं पलीकडं नेऊन दिलं, वर विचारलं, "दुकान कुठं हाय मावशी?" हे असं होतं, ते लिहायलाच पाहिजे.

बारानंतर मात्र सेवा बदलते. शनिवारी आठवडी बाजार, रविवारी गोव्याच्या गाड्या, चंदगड-गडहिंग्लजची माणसं, आणि सणाच्या तोंडावर हे सगळं एकदम. त्यात जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. पूर्वी सुळगा, उचगाव, कडोलीहून घरातली एकच बाई बाजाराला यायची, ती आता सासू-सुना-पोरी मिळून येतात. चांगलंच आहे, माझाही धंदा वाढला. पण बाजारात पायी चालणारी माणसं एवढी वाढली तरी बंदोबस्ताचं गणित अजून चाकांवरच चाललंय. गाडी अडली की शिट्टी वाजते. माणूस अडला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बॅरिकेडचंच बघा. गल्लीच्या तोंडाशी दोन लोखंडी बॅरिकेड लावतात आणि माणसं जायला मध्ये फट ठेवतात. पर्समध्ये टेप असतेच, म्हणून मी एकदा ती फट मोजली. १७ इंच. मोकळ्या हातानं सडपातळ माणूस तिरका होऊन जाईल. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या बाईनं काय करायचं? शिवाय बॅरिकेडचे पाय बाहेर आलेले असतात, त्यात साडीचा काठ अडकतो. माझ्याकडं फॉल फाटला म्हणून येणाऱ्या साड्यांतल्या निम्म्या तरी त्या लोखंडी पायांनी फाडलेल्या असाव्यात, असा माझा संशय आहे. म्हणजे एका अर्थानं माझं दुकान तेच चालवतात.

दिवाळीआधीच्या रविवारी जे झालं ते सांगते. चौक कुठला आणि पोलीस कुठल्या ठाण्याचा हे लिहिणार नाही, कारण असं कुठल्याही चौकात होतं. मी आणि येळ्ळूरच्या आमच्या जाऊबाई बॅरिकेडपाशी पोचलो, तेव्हा पुढं चंदगडकडचे एक आजोबा उभे होते. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, हातात दोन आकाशकंदील. फटीतून जाताना कंदील चेपतील म्हणून ते एका बाजूनं वळसा घालायला निघाले. तिथला तरुण हवालदार काठीनं दुसरी बाजू दाखवत कन्नडमध्ये ओरडत होता, "आ कडे होगरी, आ कडे!" म्हणजे तिकडून जा.

त्या बाजूला काय होतं? फूटपाथवर मोटरसायकलींची रांग, तिच्या मागं साडी नेसवलेले दोन पुतळे, त्यांच्या मागं दुकानाची पायरी. आजोबांनी बघितलं आणि म्हणाले, "आरं बाबा, तिकडनं जाऊ कुठनं? उडू काय?"

मागचे चारजण हसले. इथंच बिघडलं. पोलीस एकटा असला आणि गर्दी हसली की त्याचा आवाज चढतो. त्यानं काठी बॅरिकेडवर हाणली, ठण्ण करून. लोखंडावरच हाणली, माणसावर नाही, पण शेजारच्या पोरानं रडं काढलं. आजोबाही काही कच्चे नव्हते. "मारतोस काय? मार की!" म्हणून छाती पुढं केली. मागं हॉर्न सुरू झाले. कॉलेजच्या एका पोरीनं मोबाईल वर धरला, तसा हवालदार वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ए, शूटिंग बंद कर. सकाळी सातपासून उभा आहे मी इथं."

आमच्या जाऊबाई भात मळणाऱ्या घरच्या. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, बॅरिकेड दोन्ही हातांनी धरलं आणि हातभर सरकवलं. खर्रर्र आवाज झाला. हवालदारानं बघितलं आणि बोलला काही नाही. आजोबा कंदिलांसकट गेले, पाठोपाठ आम्ही गेलो, आमच्या पाठोपाठ पंधरा-वीस माणसं गेली. आणि मग त्याच फटीतून एक स्कूटर आली. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी, शिट्टी फुंकेपर्यंत पाच आत. तेव्हा मला कळलं की ती फट १७ इंचांची का असते.

घरी आल्यावर दुकानासमोर लावलेल्या स्कूटरचं हँडल मोजलं. २७ इंच निघालं, मोटरसायकलचं त्याहून थोडं जास्त. म्हणजे फट २४ इंच ठेवली तर पिशव्यांसकट बाई जाईल आणि स्कूटर अडकेल. व्हीलचेअरला तेवढंही पुरणार नाही, तिच्यासाठी कुणीतरी बॅरिकेड हलवायला उभं पाहिजे, पण तो माणूस तिथं असतोच. ब्लाउजचं माप अर्ध्या इंचानं चुकलं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं. इथं सात इंचांची चूक आहे आणि भांडण आजोबा आणि हवालदार यांच्यात लागतं. माप घेणारा दोघांतला कुणीच नाही.

फूटपाथचं तसंच. बेळगाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं ते जानेवारी २०१६ मध्ये. त्यानंतर बऱ्याच रस्त्यांच्या कडेला फरशा आल्या, अंधांसाठी पिवळ्या पट्ट्याही आल्या. पट्ट्यांवर आता मोटरसायकलींचे स्टँड टेकतात. माझा पोरगा सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. तो सांगतो, रस्त्यांची मापं-नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं फूटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. माझ्या हिशेबात १.८ मीटर म्हणजे साडीचा दीड पन्ना. बाजारात एवढी मोकळी जागा मला रात्री दुकानं बंद झाल्यावरच दिसते. १५० मिलिमीटर म्हणजे सहा इंच. खडे बाजाराकडं येताना जिथं मला गुडघ्यावर हात ठेवून चढावं लागतं, तिथं टेप ११ दाखवते. मग माणसं फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात आणि रस्त्यावर उतरली की पोलीस ओरडतो. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चालण्यायोग्य फूटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पेपरात वाचून मी ते कात्रण दुकानात लावलं. एक गिऱ्हाईक म्हणाली, "हे त्या मोटरसायकलवाल्यांना कोण सांगणार?" तिचंही खरंच आहे. पण हा चैनीचा विषय नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. गाडीत बसलेल्याला पट्टा असतो, दुचाकीवाल्याला हेल्मेट. पायी चालणाऱ्याकडं काय, तर पिशवी.

फेरीवाल्यांवर खापर फोडणारेही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली बाई दोन फूट जागा अडवते आणि पोलिसाची गाडी दिसली की पाटी उचलून पळते. पायरीच्या पुढं चार फूट माल मांडणारं पक्कं दुकान कुठंच पळत नाही. कारवाई कुणावर आधी होते ते तुम्हीच बघा.

कन्नड-मराठीचं काय, असं लोक विचारणारच, बेळगाव आहे म्हटल्यावर. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या बंदोबस्तावर मी इथं लिहीत नाही, तो विषय वेगळा. रोजच्या बाजारात मला पोलिसांची भाषा कधी अडली नाही. "होगरी" आम्हाला कळतं, "जरा सरका" त्यांना कळतं, आणि त्या हवालदाराचं मराठी तर माझ्या पोरापेक्षा बरं होतं. भाषा कळूनही आजोबांना जायला वाट नव्हतीच.

हिवाळी अधिवेशनात मात्र वेगळीच गंमत. सुवर्ण विधानसौध, म्हणजे इथलं विधानभवन, २०१२ साली झालं, तेव्हापासून अधिवेशन लागलं की बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलिसांच्या गाड्याच्या गाड्या येतात. बिचाऱ्यांना यंदे खूट कुठं आणि समादेवी गल्ली कुठं काही माहीत नसतं. "इकडून जायचं नाही" एवढं पाठ करून दिलेलं असतं. मग कुठून जायचं असं विचारलं तर तेच आपल्याला विचारतात. एकाला मी रामदेव गल्लीचा रस्ता सांगितला, तर दुसऱ्या दिवशी तो येणाऱ्या प्रत्येकाला तिकडंच पाठवत होता. ड्युटी सुटली की हेच पोलीस कुंदा घ्यायला बाजारात पायी येतात आणि आमच्याबरोबर त्याच फटीत अडकतात. ते बघून मला थोडं समाधान वाटतं, खोटं कशाला बोलू.

त्यांची बाजूही घेतेच. दिवसभर धुरात उभं राहायचं, जवळ स्वच्छतागृह नाही, वॉकीटॉकीवर एकच घोषा की रस्ता मोकळा करा. मोकळा कुणासाठी, हे वेगळं सांगायची गरजच पडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हवालदारांची ती जुनी एका बाजूला कलती टोपी जाऊन निळी पी-कॅप आली. टोपी सुटसुटीत झाली, तसा हुकूमही थोडा बदलला असता तर बरं झालं असतं.

आता तो अर्धा स्टार. तो गणपती विसर्जनाच्या रात्रीसाठी. बेळगावची मिरवणूक रात्रभर चालते, दुसऱ्या दिवशीही मूर्ती कपिलेश्वर तलावाकडं येतच असतात. मुंगी शिरायला जागा नाही एवढी गर्दी, लेकरं खांद्यावर, म्हाताऱ्या बायका कट्ट्यांवर. मंडळांशी पोलिसांची वेळेवरून आणि आवाजावरून हुज्जत होते ती होते. पण चालणाऱ्या माणसावर त्या रात्री कुणी ओरडलेलं मी ऐकलं नाही. रस्त्यावर गाडीच नसते. दोन होमगार्ड पोरी दोरी धरून उभ्या असतात, मूर्ती आली की दोरी ताणतात, गेली की सोडतात. ना बॅरिकेड, ना काठी. गेल्या खेपेला त्यातली एक मला म्हणाली, "काकू, इथं थांबा, पाय दुखत असतील." हेच पोलीस, ह्याच गल्ल्या आणि दसपट माणसं.

सणाच्या आधीचे तीन-चार रविवार संध्याकाळी चार ते आठ या गल्ल्या गाड्यांना बंद कराव्यात, असं माझं साधं म्हणणं आहे. व्यापारी म्हणतील गिऱ्हाईक तुटेल. पण साडी घ्यायला येणारी बाई पायीच दुकानात शिरते, स्कूटरवर बसून कुणी पोत बघत नाही. गोव्याच्या गाड्या लांब लावून माणसं चालत येतील, आत्ताही बरीचशी तसंच करतात.

तोवर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: साडेदहाच्या आत जा. पिशवी खांद्याची घ्या, हातातली नको. साडीचा काठ बॅरिकेडपाशी वर धरा. हवालदाराशी वाद घालायचाच असेल तर आधी त्याला पाणी विचारा, निम्मा राग तिथंच उतरतो. आणि काठ फाटलाच तर शहापुरात या. फॉल बदलून देते, संध्याकाळी सातपर्यंत दुकान उघडं असतं, सोमवारी बंद.