लक्सरच्या ग्रहणाची सहल, पाच गॉगल आणि आमचे सव्वादोन लाख

कुरियरचा खोका संध्याकाळी आला. आत पाच टोप्या, पाच टी-शर्ट, गुंडाळी केलेला एक नकाशा आणि पुठ्ठ्याच्या चौकटीचे सूर्यग्रहणाचे पाच गॉगल होते. नातू अंगाशी झोंबत होता म्हणून टोपी त्याला दिली आणि गॉगल मी डोळ्यांना लावून जुन्या सवयीने ट्यूबलाइटकडे पाहिलं. अख्खी नळी दिसली. तशीच गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत दोरीवर साडी वाळत होती, तीही दिसली. तिचे काठसुद्धा दिसले.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. ग्रहण आलं की मुलींना गॉगल वाटण्याआधी एकेक गॉगल मी स्वतः तपासायची. खऱ्या गॉगलच्या फिल्ममधून एक लाख भाग प्रकाशापैकी जेमतेम तीन भाग आत येतात. ते लावून खोलीत उभं राहिलं तर काळोख दिसतो. फार झालं तर एखादा प्रखर एलईडी दिवा अगदी मंद दिसेल. वाळत घातलेली साडी कधीच दिसत नाही. आणि या गॉगलच्या दांडीवर तर आयएसओ १२३१२-२, म्हणजे सूर्य पाहायच्या गॉगलचं आंतरराष्ट्रीय मानक, असं ठळक छापलेलं होतं! असलं छापायला कुठलाही छापखाना पुरतो, हे मी मुलींना दर वेळी सांगत आले होते.

त्या क्षणी पोटात गोळा आला तो गॉगलमुळे नाही. हा खोका ज्याने पाठवला होता, त्याला आम्ही पाच जणींनी मिळून दोन लाख पंचवीस हजार रुपये दिलेले होते.

हे सगळं लिहायला मला वेळ लागला, कारण बाकीच्या चौघींना यात मी ओढलं होतं. पण २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणासाठी इजिप्तला जायची तयारी आपल्याकडे कितीतरी लोक करत आहेत. त्यातल्या एका घराचे पैसे वाचले तरी हे लिहिल्याचं चीज होईल.

आधी हे सांगते की आम्ही भुललो कशाला. खग्रास सूर्यग्रहण मी आयुष्यात एकदाच धड पाहिलं आहे. १९९५ साली, ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, राजस्थानात नीम का थाना इथे. सकाळी साडेआठच्या सुमाराला सूर्य झाकला गेला, मिनिटभरसुद्धा नाही. पण सूर्य झाकताना कडेला एकच ठिणगी चमकते, त्या हिऱ्याच्या अंगठीनंतर शेजारी उभे असलेले माझे यजमान, जे कधी कशाने हलत नाहीत, ते ढसाढसा रडले. त्यानंतर २२ जुलै २००९ ला बारा मुलींना घेऊन मी सुरतला गेले. आदल्या रात्री एसटीने सापुतारा ओलांडून पोचलो. पहाटे पाऊस. सहा वाजून गेल्यावर एकदम अंधार झाला, कावळे गप्प झाले आणि तीनेक मिनिटांनी पुन्हा उजाडलं. सूर्य दिसलाच नाही. मुली छत्र्यांखाली हातात गॉगल धरून उभ्या होत्या. एकीने विचारलं, “बाई, आता पुढचं कधी?” मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून लक्सर. २०२७ च्या ग्रहणात खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे आणि ती इजिप्तमध्ये लक्सरच्या जवळच. वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी एकच्या सुमाराची, म्हणजे सूर्य डोक्यावर. ऑगस्टात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच. आपल्याकडे त्याच दिवशी दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे, पण ऑगस्टातल्या महाराष्ट्रात सूर्य दिसेल याची हमी कोण देणार? इतकं मोठं खग्रास ग्रहण, तेही निरभ्र आकाशाखाली, माझ्या वयात पुन्हा मिळणार नाही. ही ओढ खरी होती आणि त्या माणसाला ती बरोबर कळली.

आकाशदर्शनाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तो होता. मराठी उत्तम. ग्रहणाचा पट्टा किती रुंद, मध्यरेषा कुठून जाते, मक्का आणि जेद्दाहसुद्धा खग्रास पट्ट्यात कसे येतात, असं तो सहज लिहायचा. मी लक्सरबद्दल काही विचारलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खाजगीत निरोप आला, “ताई, तुमच्यासारख्या जाणकार लोकांसाठी छोटा ग्रुप करतोय. फक्त बायकांच्या खोल्या वेगळ्या ठेवल्यात.” नंतर फोन. घाई केली नाही, पैशांचं नाव काढलं नाही. नाईलच्या काठावरचं हॉटेल, नऊ दिवस, माणशी एक लाख पासष्ट हजार. एवढंच म्हणाला, “ताई, लक्सरमध्ये खोल्याच कमी आहेत. सगळ्या जगाचे लोक तिथेच येणार.”

आणि हे खोटं नव्हतं. ग्रहणाच्या गावात दोन-दोन वर्षं आधी खोल्या अडवल्या जातात, भाव चौपट होतात. त्यामुळे त्याला वेगळी भीती घालावी लागली नाही. जी खरी भीती होती तीच त्याने आमच्या हातात दिली.

आम्ही पाच जणी : मी, माझी जाऊ, शाळेतल्या दोघी आणि गाण्याच्या क्लासमधली एक मैत्रीण. पहिला हप्ता माणशी वीस हजार, दुसरा पंचवीस. पहिल्या हप्त्यानंतर छापील कार्यक्रम आला. त्यात २ ऑगस्टच्या समोर लिहिलं होतं : सकाळी गिझाचे पिरॅमिड, दुपारी तिथेच खग्रास ग्रहण.

इथे मी थांबायला हवं होतं. गिझा म्हणजे कैरो, आणि कैरो खग्रासच्या पट्ट्याच्या बाहेर आहे. तिथे सूर्य बराचसा झाकला जाईल, पण खंडग्रासच. आणि ज्याने खग्रास पाहिलं आहे त्याला माहीत आहे की सूर्याची एक बारीकशी कड उरली तरी ते ग्रहण वेगळंच असतं. अंधार होत नाही, सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडळ दिसत नाही, गॉगल काढता येत नाही. मी फोन केला. तो हसून म्हणाला, “टायपिंगची चूक आहे हो ताई, ऑफिसमधल्या मुलीने दुसऱ्या टूरमधून कॉपी केलं.” दोन तासांत दुरुस्त कार्यक्रम आला. मी समाधान मानलं, आणि दुसऱ्या हप्त्याच्या पंचवीस हजारांसाठी मैत्रिणीने एफडी मोडली. पिरॅमिडची ती ओळ चौघींपैकी कुणालाही खटकली नसती. मला खटकली होती, तरी मी गप्प बसले. याचं दुःख पैशांपेक्षा जास्त आहे.

दुसरा हप्ता भरल्यावर हॉटेलचं पत्र आणि विमानाचा पीएनआर आला. आम्ही पाची जणींनी आपापल्या घरी दाखवला, पेढे वाटले. मग हे किट.

गॉगल पाहून मी त्याला फोन केला. म्हणाला, “नवीन टेक्नॉलॉजीची फिल्म आहे ताई, पूर्वीसारखा काळोख आता लागत नाही.” तेव्हा मात्र माझी खात्री पटली. हॉटेल, विमान, व्हिसा यातलं मला काही कळत नाही. पण त्याने हे मला सांगितलं, जिला कळतं तिला. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिलं की दृष्टिपटल भाजतं. तिथे वेदना जाणवत नाही, आणि काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो, तो काही वेळा कायमचा राहतो. हे ज्याला माहीत नाही, किंवा माहीत असून ज्याची फिकीर नाही, तो मला कुठलं ग्रहण दाखवणार होता?

रात्रीच सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. भाचा प्रवासाच्या तिकिटांचं काम करतो, त्याला बोलावून घेतलं. पीएनआर पाहून तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, “मावशी, हे कोणत्या वर्षाचं तिकीट आहे?” मी म्हटलं, २०२७, जुलै अखेर. “विमान कंपन्या साधारण अकरा-बारा महिन्यांच्या पुढचं तिकीट विकतच नाहीत. हा पीएनआर २०२५ मध्ये निघूच शकत नाही.” झालं. नंतर एकेक धागा सुटत गेला. पावतीवर पत्ता अहमदाबादचा आणि जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारा. २७ महाराष्ट्राचा, गुजरातचा २४. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो क्रमांक घातला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, पैसे लागत नाहीत. पैसेही कंपनीच्या खात्यावर नव्हतेच गेले. “करंट अकाउंटची लिमिट झाली आहे” म्हणून एका माणसाच्या बचत खात्यावर घेतले होते, आणि त्या माणसाचं नाव फोनवरच्या माणसाचं नव्हतं.

सकाळी हॉटेलला फोन केला. त्याने दिलेल्या पत्रावरच्या क्रमांकावर नाही, हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधलेल्या क्रमांकावर. हा फरक लक्षात ठेवा, कारण पत्रावरचा क्रमांक त्याच्याच माणसाचा असू शकतो. रिसेप्शनवरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्या नावाने काही नाही, आणि ऑगस्ट २०२७ च्या खोल्या त्यांनी अजून विक्रीला काढलेल्याच नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी दिलं. तिथल्या ताई चांगल्या होत्या, ओरडल्या नाहीत. पण पहिलाच प्रश्न होता : “पैसे कधी गेले?” शेवटचा हप्ता जाऊन सात आठवडे झाले होते. पैसे गेल्यावर तासाभरात कळवलं तर ते पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. आमचे चार खात्यांतून फिरून काढले गेले होते. एका खात्यात अठरा हजार पाचशे सापडले, तेवढे गोठवले आहेत, आणि ते परत मिळायलाही अर्ज-हेलपाटे चालूच आहेत. त्याचा फोन तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी बंद झाला. ग्रुपवर मी लिहिलं तेव्हा आणखी तिघांनी खाजगीत कळवलं की त्यांनीही पैसे दिले आहेत. उघडपणे लिहायला ते तयार नव्हते. त्यातल्या एकांनी तर तिसरा हप्ता भरायची तयारी केली होती.

सहल ठरवणाऱ्यांनी खर्चाच्या आधी एक करावं. ग्रहणाचा पट्टा दाखवणारा नकाशा आंतरजालावर फुकट मिळतो. तुमच्या कार्यक्रमातली २ ऑगस्टची जागा त्यावर शोधा. ती पट्ट्यात आहे का, मध्यरेषेपासून किती लांब, तिथे खग्रास किती मिनिटं आहे, हे सहल विकणाऱ्याला तोंडी विचारा आणि उत्तर नकाशाशी ताडून पाहा. कंपनी खरी असली तरी हे विचारा. काठावरच्या गावात नेऊन दीड-दोन मिनिटांचं ग्रहण सहा मिनिटांच्या भावाने विकणारेही निघतील. आणि पीएनआर दाखवला तर आधी तारीख बघा, मग विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो घालून बघा.

गॉगल घरी ठेवायचे नाहीत म्हणून मी ते मोडून टाकणार होते. पोलीस ठाण्यातल्या ताईंनी सांगितलं की मुद्देमाल आहे, खोक्यासकट जपून ठेवा, मागू तेव्हा आणा. नातू रोज विचारतो, आजी, ते काळे गॉगल कुठेत? त्याला शाळेत दाखवायचे आहेत. पाचही गॉगल मी जुन्या साडीत गुंडाळून लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत आणि किल्ली माझ्या कमरेला असते. तो सहा वर्षांचा आहे. गॉगल मिळाले की आधी तो गच्चीवर जाईल आणि वर बघेल.