रेपो जड झालाय: छाटायचा, की लागेल तेवढाच उतरवायचा?

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या आमच्या सहकाऱ्याने चार वेळा आमच्या रेपोचा (कोड आणि त्याचा सगळा इतिहास ठेवणारा गिटचा साठा) क्लोन लावला, म्हणजे पूर्ण प्रत उतरवायला घेतली. चारही वेळा मध्येच लाईट गेली, मागोमाग टॉवरही. गिटचा (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) क्लोन अर्ध्यात तुटला की पुढून सुरू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी गडी बस धरून बेळगावला आला आणि पेनड्राइव्हवर रेपो घेऊन गेला.

आम्ही उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कोड जेमतेम ४० एमबी, रेपो ३ जीबी! बाकी सगळे कास्टिंगचे फोटो आणि ड्रॉइंगच्या पीडीएफ. बऱ्याच कधीच डिलीट केल्या होत्या. पण एकदा कमिट झालेली, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली, फाईल इतिहासात राहतेच. अंगणातला कचरा माळ्यावर नेऊन टाकावा तसं.

शॅलो क्लोन, म्हणजे 'डेप्थ १' (फक्त शेवटची कमिट), सगळ्यात झटपट. सर्व्हरवरच्या बिल्डला उत्तम. रोजच्या कामाला नको: 'ब्लेम' (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलात तर सगळा कोड शेवटची कमिट करणाऱ्यानेच लिहिला असं दिसतं. बिचारा!

पार्शल क्लोनमध्ये ('फिल्टर=ब्लॉब:नन') कमिटांचा इतिहास पूर्ण येतो, फाईलींमधला मजकूर मात्र लागेल तेव्हा. जोडीला 'स्पार्स' द्या, तेही क्लोन करतानाच. नाहीतर चेकआउट होताना, म्हणजे फाईली डिस्कवर मांडताना, आत्ताच्या सगळ्या फाईली ओढल्या जातात. मग हवे तेवढेच फोल्डर मागवायचे. स्पार्स-चेकआउट ही स्वतंत्र कमांड २०२० मध्ये गिट २.२५ पासून आली, त्यामुळे जुनं गिट असेल तर आधी ते बदला. खोट एकच: नेट नसताना जुना मजकूर मागितला की काम अडतं. तरी खानापूरच्या गड्याला मी हाच दिला. 'लॉग' (कमिटांची यादी) नेटशिवाय चालतो, आणि त्याचं बहुतेक काम तेवढ्यावर भागतं.

एलएफएसमध्ये (मोठ्या फाईलींसाठीची गिटची जोड) रेपोत फक्त तीन ओळींची चिठ्ठी राहते, खरी फाईल वेगळ्या साठ्यात. गिटहब (रेपो ठेवायची वेबसाइट) १०० एमबीवरची फाईल साध्या पुशने (आपल्याकडचे बदल वर पाठवणं) घेतच नाही, म्हणजे तिथे मोठे स्कॅन ठेवायचे तर हाच रस्ता. पण आजपासून लावलात म्हणून कालचं वजन उतरत नाही. शिवाय साठा आणि डाउनलोड, दोन्हींचा कोटा मोजला जातो, तोही बघा की.

वजन खरोखर उतरवतो तो फिल्टर-रेपो, गिटचा इतिहास नव्याने लिहिणारं टूल. आधी पूर्ण बॅकअप, मग नको त्या फाईली इतिहासातूनच काढायच्या. त्या जागेपासून पुढच्या सगळ्या कमिटांचे हॅश (ओळख-आकडे) बदलतात, त्यामुळे प्रत्येकाने जुना क्लोन टाकून नवा घ्यायचा. आम्ही गणपतीच्या सुट्टीत हे उरकलं, सगळ्यांना फोन केले. निपाणीच्या एकाने तरी सुट्टीनंतर जुनी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) मर्ज करून पुश केली, सगळा जुना इतिहास परत आला, आणि रेपो पुन्हा ३ जीबी! तेव्हापासून ज्याचा जुना क्लोन डिलीट झालेला मी डोळ्यांनी बघत नाही, त्याला पुशचा हक्क देत नाही.